तुळशीचं लग्न लागलं, आता तुळस जगवूया



हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा कुणाच्या अंगणात उसाचा मांडव उभा असेल, कुणाकडे तो काढून गुरांपुढे टाकलाही असेल. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही तुळशीचं लग्न लावतात. तुळशीच्या लग्नात काय काय लागतं हे मी तुम्हाला सांगायची गरजच नाही. चिंचा, आवळे, बोरं, चुरमुरे, बत्तासे, अंतरपाट, अक्षता, सगळं तुम्हाला पाठ आहे. मला आज बोलायचंय ते लग्नानंतरच्या तुळशीबद्दल.

मुळशी, भोर, पुरंदरकडच्या बैठकांना जाते तेव्हा गटाचा हिशोब झाला, चहा आला, की कुणीतरी ताई विचारतेच, "अगं, आमची तुळस दरवर्षी संक्रांतीपर्यंत वाळते. काय करावं?" मी राहते पुण्यात, नारायण पेठेत. तिथेही शेजारच्या काकू हाच प्रश्न विचारतात. गाव असो की पेठ, नवीन तुळस दिवाळीत येते आणि पौष-माघात काड्या उरतात. मग हळू आवाजात पुढचं वाक्य येतं, "तुळस वाळणं चांगलं नसतं म्हणतात." आणि त्याच्याही पुढचं वाक्य बऱ्याचदा घरातल्या सुनेच्या नाहीतर लेकीच्या वाट्याला येतं.

म्हणून आज तीन गोष्टी समजून घेऊ. तुळस का वाळते, ती वर्षभर जगवायची कशी, आणि गटाला तुळशीची रोपं करून विकायची असतील तर काय सांभाळायचं.

तांब्या तोच, कुंडी लहान झाली

नारायण पेठ हा पुण्याचा जुना भाग. नारायणराव पेशव्यांच्या नावाची ही पेठ. इथेच लोकमान्य टिळकांचा केसरीवाडा आहे. पूर्वी या पेठेत वाडेच वाडे होते. वाड्याला चौक आणि चौकात दगड-विटांचं तुळशीवृंदावन. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, बरेच वाडे पडले. उरलेल्यांपैकी कितीतरी वाडे नंतर पाडून तिथे इमारती झाल्या. चौक गेला, बाल्कनी आली. वृंदावनाच्या जागी प्लास्टिकची कुंडी आली.

आता गंमत बघा. आंघोळ करून तुळशीला तांब्याभर पाणी घालायची पद्धत मात्र तीच राहिली. जुन्या वृंदावनात कमरेइतक्या उंचीपर्यंत माती भरलेली असायची, आणि बऱ्याच ठिकाणी ती खाली थेट जमिनीला टेकलेली. तांब्याभर पाणी त्यात कुठल्या कुठे मुरून जायचं. घरातल्या चौघींनी चार तांबे घातले तरी तुळशीला काही होत नसे. तेच पाणी सहा इंची कुंडीत रोज घातलं तर मातीचा चिखल होतो.

आपल्याला वाटतं मुळांना फक्त पाणी लागतं. पण मुळांना हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यात हवा असते. पाणी साचून राहिलं की त्या पोकळ्या भरून जातात, मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून वर पानं माना टाकतात. आपण बघतो, पानं सुकली, म्हणून अजून एक तांब्या घालतो, आणि रोप आणखी लवकर मरतं. माती ओली असूनही पानं मलूल दिसत असतील तर समजा, पाणी कमी नाही, जास्त झालंय.

गावाकडेही हेच होतंय. सिमेंटचं घर झालं, अंगणात फरशी बसली, शेणाने सारवलेलं वृंदावन गेलं आणि बाजारातली रंगीत कुंडी आली. बऱ्याच कुंड्यांना खाली भोकं पाडलेलीच नसतात, नुसत्या खुणा असतात. त्या आपण पाडायच्या असतात.

सणातल्या कोणत्या गोष्टी तुळशीला सोसत नाहीत

आपण प्रेमाने करतो, पण रोपाला त्रास होतो अशा काही गोष्टी आहेत. पूजा सोडायची नाही, जागा थोडी बदलायची.

- हळद-कुंकू खोडावर आणि मातीत घालण्याऐवजी कुंडीच्या बाहेरच्या बाजूला लावा. हल्लीच्या कुंकवात कसले रंग असतात ते आपल्याला ठाऊक नसतं.
- पणती खोडापासून निदान वीतभर लांब ठेवा. एका बाजूचीच पानं करपलेली दिसली तर आधी दिव्याची जागा बघा.
- उदबत्ती कुंडीतल्या मातीत खोचू नका. वेगळं उदबत्तीचं घर ठेवा.
- दूध, साखरपाणी, नैवेद्याचा घास मातीत घालू नका. मुंग्या येतात, बुरशी धरते.
- अक्षता आणि फुलं दुसऱ्या दिवशी उचलून खताच्या खड्ड्यात टाका. निर्माल्यच ते, खत होऊन परत तुळशीलाच जाईल.
- लग्नात खोडाला बांधलेला दोरा, मणी, चुनरी पौर्णिमा झाली की सोडा. दोरा घट्ट राहिला तर खोड वाढताना त्यात रुततं आणि वरचा भाग सुकतो.

उलट काही जुन्या चालीरीती तुळशीच्या फायद्याच्याच आहेत. रविवारी, द्वादशीला आणि तिन्हीसांजेला तुळस तोडायची नाही असं आजी सांगायची. त्या निमित्ताने रोपाला विसावा मिळतो. देवाला मंजिऱ्या वाहायची पद्धत तर फारच शहाणपणाची. का ते पुढे सांगते.

वर्षभराची काळजी

*कुंडी आणि माती.* लग्नासाठी आणलेलं रोप चार-सहा इंची पिशवीत असतं. ते पिशवीसकट शोभेच्या कुंडीत ठेवून चालणार नाही. पौर्णिमा झाली की दहा ते बारा इंची कुंडीत लावा. खाली भोकं हवीतच. भोकांवर खापराचा तुकडा ठेवा, म्हणजे माती वाहून जात नाही. दोन भाग साधी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू असं मिश्रण करा. तुमच्याकडची माती काळी असेल तर वाळू थोडी जास्त घ्या, कारण काळी माती पाणी धरून ठेवते. मातीची कुंडी मिळाली तर उत्तम, तिच्या अंगातून जादा ओल निघून जाते.

*पाणी.* तांब्या हातात घ्यायच्या आधी बोट मातीत घाला. दोन पेरं खोलवर माती कोरडी लागली तरच पाणी द्या, आणि दिलं तर खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. रोज पाणी घालायचा नेम आहे त्यांनी पळीभर घालावं. नेमही राहतो, मुळंही राहतात.

*ऊन.* तुळस उन्हाचं झाड आहे. रोज चार-सहा तास ऊन हवं. देवघरात, बैठकीत ठेवलेली तुळस लांबट, फिकी होते. बाल्कनीत ठेवणाऱ्यांनी पूर्वेची किंवा दक्षिणेची बाजू बघावी.

*मंजिऱ्या.* मंजिरी म्हणजे तुळशीचा फुलोरा. रोपाला फुलं आली, बी धरलं, की त्याची सगळी ताकद बियांत जाते. नवीन पानं फुटणं मंदावतं, खोड टणक होतं, पुढे पुढे फांद्या सुकतात. म्हणून मंजिरी कोवळी असतानाच, खालच्या दोन पानांसकट खुडायची. खुडलेल्या जागेतून दोन नवीन फांद्या येतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं रोप डेरेदार होतं. खुडलेल्या मंजिऱ्या विठ्ठलाला वाहा. बियांसाठी मात्र एका सशक्त रोपाच्या चार-पाच मंजिऱ्या राखून ठेवा, त्या तपकिरी झाल्या की काढा.

*थंडी.* मार्गशीर्ष-पौषात पुणे जिल्ह्यात पहाटेचा गारठा चांगलाच पडतो. तुळस उबदार हवेतली, तिला गारठा मानवत नाही. पानं गळतात, जांभळट होतात. या दिवसांत पाणी निम्म्यावर आणा आणि ते सकाळी ऊन चढल्यावर द्या. रात्री कुंडी भिंतीलगत, वळचणीखाली सरकवा. आणि महत्त्वाचं म्हणजे काड्या दिसल्या म्हणून लगेच उपटू नका. खोडावर नखाने हलकेच ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं तर तुळस जिवंत आहे. फेब्रुवारीच्या शेवटी वरचा एक तृतीयांश भाग छाटा, मूठभर खत घाला. बऱ्याचदा होळीपर्यंत नवी पालवी दिसते.

*उन्हाळा आणि पावसाळा.* एप्रिल-मे महिन्यात पश्चिमेचं ऊन लहान कुंडीला फार होतं. दुपारी सावली करा, आणि माती तपासून गरज असेल तर दोन वेळा पाणी द्या. मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. पावसात कुंडी पागोळीखाली ठेवू नका. वीतभर लांबीची, फुलोरा नसलेली फांदी पावसाळ्यात खोचली तर दोन-तीन आठवड्यांत मुळं धरते. जुनी तुळस दोन-तीन वर्षांत खोडाळ होते. तेव्हा शेजारी तिचंच रोप तयार ठेवावं.

*कीड.* पानामागे पांढरा कापसासारखा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यावर बारीक किडे दिसले तर मावा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. नाही गेली तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. तुळशीची पानं आपण तोंडात टाकतो, म्हणून शेतातलं औषध तिच्यावर मारायचं नाही, आणि युरियाही घालायचा नाही.

एक गैरसमजही दूर करू. "तुळस रात्रीही ऑक्सिजन सोडते" असा निरोप मोबाईलवर फिरतो. कुठल्याही हिरव्या झाडाला ऑक्सिजन तयार करायला उजेड लागतो, तुळशीलाही. तिचा मान मोठा आहेच, त्यासाठी खोटी गोष्ट कशाला हवी?

दोष कुणाचा?

आता अवघड गोष्टीकडे येते. आपल्या गटांत पन्नाशीच्या ताया आहेत तशा नवीन लग्न होऊन आलेल्या मुलीही आहेत. त्यांच्यापैकी कितीजणींना ऐकावं लागतं, "तू आलीस आणि तुळस वाळली," "चार दिवस बाजूला बसत नाहीस, शिवलीस म्हणून वाळली."

भाताची लावणी कोण करतं? आपणच. आषाढात कमरेत वाकून दिवसभर रोपं लावताना कुणी विचारतं का, आज कुणाची पाळी आहे? कांद्याची लागण, मिरचीची रोपं, सगळं बायकांच्या हातून होतं, महिन्याचे तीसही दिवस. भात वाळत नाही, कांदा वाळत नाही. मग तुळसच तेवढी हात लागला म्हणून कशी वाळेल?

उलट बघा. घरात एकटीच बाई असेल, ती चार दिवस तुळशीपाशी गेली नाही, आणि दिवस वैशाखाचे असतील, तर लहान कुंडीतली तुळस चार दिवस तहानलेली राहते आणि खरंच वाळते! बाईच्या शिवण्याने नाही, न शिवण्याने. श्रद्धा ज्याची त्याची, मी कुणाला पूजा कशी करावी ते सांगणार नाही. पण झाडाला पाणी घालणं हे काम आहे, ते महिनाभर चालू ठेवायचं. ते चार दिवस बाई करणार नसेल तर घरातल्या पुरुषाने करावं. तांब्या काही जड नसतो.

दुसरी गोष्ट एकल तायांची. ज्या ताईचे पती वारले, ती रोज सकाळी तुळशीला पाणी घालते, मंजिऱ्या खुडते, पावसात कुंडी आत घेते. आणि लग्नाच्या दिवशी मात्र तीच मागे, दाराआड उभी राहते. पुढे यायचं ते सवाष्णींनी. ज्या कथेवरून तुळशीचं लग्न लावतात ती आठवा. वृंदेचा पती जालंधर युद्धात मारला जातो, ती देह सोडते, तिथे तुळस उगवते, आणि विष्णू तिला आपल्याजवळ मान देतो. पती गमावलेल्या वृंदेचाच हा सोहळा आहे. मग पती गमावलेली बाई त्यात मागे का?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. कागद झाला, आता तो अंगणात उतरवायचा तो आपण. ग्रामसंघाचं सामूहिक तुळशीचं लग्न होतं तिथे पहिली अक्षता त्या ताईच्या हातून पडू दे, जिने वर्षभर तुळस सांभाळली. एवढं एक ठरवलं तरी पुष्कळ.

तुळशीची रोपं: गटाचा छोटा धंदा

पुण्यासारख्या शहरात दिवाळीनंतर तुळशीच्या रोपांना मागणी असते. मंडईत ऊस, आवळे, चिंचा घ्यायला आलेली बाई रोपही घेऊन जाते. आषाढी एकादशीला तुळशीच्या हारांना आणि सत्यनारायणाच्या पूजेला पानांना वर्षभर गिऱ्हाईक असतं. वारीत बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन पंढरीची वाट चालतात, त्या दिवसांत तर तुळशीशिवाय पान हलत नाही. पण मागणी आहे म्हणून उडी मारू नका, आधी हिशोब करा.

कामाचा क्रम असा ठेवा. जूनच्या शेवटी बी टाकायचं. बी मोहरीहूनही बारीक असतं, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये पसरायचं आणि वर अगदी पातळ माती भुरभुरायची. खोल पुरलं तर उगवत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं. चार-सहा पानं झाली की भोकं असलेल्या पिशवीत एकेक रोप लावायचं. रोप चार बोटं उंच झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते काडीसारखं न वाढता डेरेदार होतं. शेडनेटखाली वाढवलं असेल तर विक्रीआधी आठ-दहा दिवस हळूहळू उन्हाची सवय लावायची, नाहीतर गिऱ्हाइकाच्या बाल्कनीत पानं भाजतात. हिरव्या पानांची रामतुळस आणि जांभळट कृष्णतुळस, दोन्ही ठेवा. गिऱ्हाईक दोन्ही मागतं. आणि ज्या वर्षी अधिक महिना पावसाळ्यात किंवा त्याआधी येतो त्या वर्षी कार्तिक उशिरा येतो. पंचांग बघून बी टाकायची तारीख ठरवा.

आता हिशोब. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही भरा. समजा २०० रोपं केली.

- पिशव्या, खत, वाळू, बी: १२०० रुपये
- टेम्पोभाडं: ८०० रुपये
- रोजची देखभाल २० मिनिटं, १२० दिवस, म्हणजे ४० तास. तासाला ५० रुपये धरले तर २००० रुपये
- विक्रीच्या दिवशी दोघीजणी, प्रत्येकी ८ तास, म्हणजे १६ तास: ८०० रुपये

एकूण खर्च ४८०० रुपये. २०० पैकी २० रोपं मेली असं धरा, म्हणजे विकायला १८०. एका रोपाला खर्च आला साधारण २७ रुपये. २५ रुपयांना विकलं तर ४५०० येतील, म्हणजे ३०० रुपयांचा तोटा. ३५ ला विकलं तर ६३०० येतील, १५०० रुपये नफा. तोट्याचा धंदा फायद्याचा का वाटतो? कारण वहीत आपण फक्त पिशव्या आणि टेम्पो लिहितो, आपले ५६ तास लिहीत नाही. ताई, आपले कष्ट फुकट नाहीत. ते वहीत आलेच पाहिजेत.

वाळलेली पानं, तुळशीचा चहा विकायचा असेल तर तो खाद्यपदार्थ होतो, त्याला एफएसएसएआयची नोंदणी लागते. आणि "अमका आजार बरा होतो" असं पाकिटावर लिहायचं नाही. घरात खोकल्याला काढा करतो ती गोष्ट वेगळी, विकताना दावा करणं वेगळं.

प्रत्येक रोपाबरोबर एक छोटी चिठ्ठी द्या. गटातल्या शाळकरी मुलींकडून लिहून घ्या:

"१. पौर्णिमेनंतर भोकं असलेल्या मोठ्या कुंडीत लावा. २. माती कोरडी असेल तरच पाणी घाला. ३. रोज चार तास ऊन द्या. ४. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडा. ५. हिवाळ्यात पानं गळाली तरी उपटू नका, होळीपर्यंत वाट बघा."

खाली गटाचं नाव. कुणी म्हणेल, रोप जगलं तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येईल कशाला? माझा अनुभव असा, की जिची तुळस जगते ती बहिणीसाठी, शेजारणीसाठी रोप न्यायला येते. जिची मरते ती म्हणते, "त्यांच्याकडची रोपं चांगली नसतात."

नाताळचं लाल झाड

पुण्याच्या नर्सऱ्यांत डिसेंबरमध्ये लाल पानांचं एक झाड दिसतं, पॉइनसेटिया. हे मूळचं मेक्सिकोचं. जोएल पॉइनसेट नावाच्या अमेरिकी वकिलाने, म्हणजे तिथे नेमलेल्या सरकारी प्रतिनिधीने, १८२० च्या दशकात ते आपल्या देशी नेलं, म्हणून त्याचं नाव. लाल दिसतात ती फुलं नसून पानंच असतात. खरी फुलं मधली पिवळी, बारीक. नाताळात ख्रिस्ती घरांत ते सजावटीला ठेवतात.

त्याची गतही आपल्या तुळशीसारखीच होते. चमकत्या कागदात गुंडाळलेल्या कुंडीत पाणी साचतं, मुळं कुजतात, आणि जानेवारीत झाड कचऱ्यात जातं. कागद काढला, सण झाल्यावर छाटणी करून अंगणात जमिनीत लावलं, तर आपल्या हवेत त्याचं मोठं झुडूप होतं. पुन्हा लाल व्हायला त्याला लांब, काळोखी रात्र लागते, म्हणून रस्त्याच्या दिव्याखाली लावू नये. फांदी तोडल्यावर येणारा पांढरा चीक अंगाला लावून घेऊ नका, खाज सुटते. कुठल्या गटाने डिसेंबरसाठी ही रोपं करायचा विचार केला तर आधी दहा-वीसच करून बघा.

पुढच्या बैठकीसाठी

लेक सासरी पाठवली म्हणून आपण तिला विसरत नाही. चार दिवसांनी फोन करतो, सणाला आणतो. तुळशीचंही तसंच आहे.

पुढच्या मासिक बैठकीत हिशोब झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि एवढं करा. प्रत्येकीने आपल्या तुळशीच्या कुंडीला भोक आहे का ते घरी बघून यावं. नसेल तर खिळा तापवून पाडावं, प्लास्टिकच्या कुंडीला तेवढं पुरतं. ज्यांची तुळस मागच्या हिवाळ्यात वाळली होती त्यांनी ती कुठे ठेवली होती, रोज किती पाणी घालत होत्या ते सांगावं. सचिव ताईंनी ते वहीत लिहून ठेवावं. होळीनंतरच्या बैठकीत परत बघू, गटातल्या किती तुळशी जगल्या. आणि कुणाच्या घरी वाळलीच, तर सासूबाईंना, जाऊबाईंना हा लेख वाचून दाखवा. आधी कुंडी उलटी करून मुळं बघा म्हणावं, मग काय ते बोला.